दुर्खीम तोंडपाठ, धाकली गाळलेली

आर्ट्सचा वर्ग म्हणजे उरलेल्यांचा वर्ग. अमरावती-अकोल्यात कोणालाही विचारा. पैसेवाल्याचं पोट्टं सायन्सला, वर महागडी शिकवणी. दुकानदाराचं पोट्टं कॉमर्सला. आणि आपलं, मेळघाटातल्या कोरकूचं, कपाशी वेचणाऱ्या बाईचं, विटाभट्टीवरच्या मजुराचं पोट्टं आर्ट्सला. तिथं अकरावी-बारावीला दोन विषय ठेवलेले असतात, समाजशास्त्र आणि मानसशास्त्र. काहून घेतले म्हणून विचारलं तर पोट्टे सांगतात, मार्क पडतात. गाइड आणायचं, व्याख्या पाठ करायच्या, जोड्या लावायच्या, रिकाम्या जागा भरायच्या. झालं समाजशास्त्र.

म्हणजे ज्यांच्या पाठीवर हा समाज रोज वळ उठवतो, त्यांनाच समाजाची व्याख्या घोकायला लावायची. आणि वळ कुठून आला हा प्रश्न परीक्षेत यायचा नाही.

मी मॅट्रिक झालेला गोदीकामगार. धाकट्या भावाची ही पुस्तकं पाळी सुटल्यावर वाचली. वाचून माझं मत झालं की शाळेत शिकवतात त्यात आपल्या कामाचे सगळ्यात धारदार हे दोनच विषय आहेत. त्यांची धार बोथट करून ते आपल्या पोरांच्या हातात दिलेत, एवढंच.

पहिला प्रश्न विचारवंतांचा. अकरावीची पोरं कॉम्त शिकतात, दुर्खीम शिकतात, मार्क्स शिकतात. शिकावेत. आपल्याकडचे म्हणून घुर्ये, श्रीनिवास, इरावती कर्वे. तेही शिकावेत. पण घुर्यांचं जातीवरचं गाजलेलं इंग्रजी पुस्तक १९३२ चं. त्याच्या सोळा वर्षं आधी, ९ मे १९१६ ला, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातीच्या उगमावर निबंध वाचला. १९१७ साली तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. जातीचं मूळ धंद्यात नाही, रंगात नाही, जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, हे त्यांनी तिथं मांडलं. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह ही जात बंद ठेवायची हत्यारं आहेत, हे दाखवलं. हे समाजशास्त्र नाही तर काय आहे? पण बाबासाहेब पोरांना भेटतात ते नागरिकशास्त्रात घटनेचे शिल्पकार म्हणून आणि इतिहासात समाजसुधारक म्हणून. समाजाचा शास्त्रज्ञ म्हणून त्यांना वर्गात बसवायची वेळ आली की यांची खुर्ची मोडते.

आणि मुक्ता साळवे? फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांगाची पोर. १८५५ साली तिनं मांगमहारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो 'ज्ञानोदया'त छापला गेला. आमच्या बाया उघड्यावर बाळंत होतात, आम्हाला धर्म कोणता, असं तिनं विचारलं. दुर्खीम जन्माला यायच्या तीन वर्षं आधीची गोष्ट. शाळकरी पोरांना समाजशास्त्र शिकवायचं तर पहिला धडा शाळकरी पोरीचाच पाहिजे.

दुसरा प्रश्न पुस्तकातल्या शब्दांचा. श्रीनिवासांचं 'संस्कृतीकरण' घ्या. खालची जात वरच्या जातीच्या चालीरीती उचलते आणि वर सरकायला पाहते. काही जातींनी जानवी घातली, मटण सोडलं, हे खरं आहे. पण हा शब्द नागपूरच्या दीक्षाभूमीवर नेऊन उभा करा. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथं लाखो माणसांनी कोणाची नक्कल केली? त्याआधी २५ डिसेंबर १९२७ ला महाडात मनुस्मृती जाळली, ती कोणत्या वरच्या जातीची चाल होती? ज्या शिडीवर चढायचं म्हणतात ती शिडीच आपल्या लोकांनी नाकारली. मास्तरनं वर्गात एवढा एक प्रश्न टाकावा. पोट्टे तासाची घंटा ऐकणार नाहीत. घुर्यांनी १९४३ साली आदिवासींना मागासलेले हिंदू ठरवलं. धारणीच्या कोरकू पोराला विचारा, त्याची भाषा मुंडा कुळातली, त्याचे देव त्याचे. तो घुर्यांना उत्तर देईल. पण त्याला विचारतो कोण?

आणि श्रीनिवासांचाच 'प्रभुत्वशाली जात' हा शब्द आपल्या फार कामाचा आहे. तो पाठ करू नका, वापरा. गावातली ओलिताची जमीन कोणाची, सोसायटीचा अध्यक्ष कोण, बाजार समितीत कोण, शाळा चालवणारी संस्था कोणाची? वहीत लिहून काढलं की अख्खं गाव कागदावर नागडं होतं.

दुर्खीमनं १८९७ साली आत्महत्येवर पुस्तक लिहिलं. माणूस एकटा मरतो असं दिसतं, पण आत्महत्येच्या मागं समाज असतो, हे त्याचं म्हणणं. हे आमच्या वऱ्हाडात शिकवायला फ्रान्सला जावं लागतं काय? २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांना ३७५० कोटींचं पॅकेज दिलं. त्या वेळी न जन्मलेली पोरं आज अकरावीत बसलीत, आणि फास अजून थांबलेला नाही. सरकारी मदतीला पात्र व्हायचं तर सातबारा लागतो, कर्जाचा कागद लागतो. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही तो शेतमजूर मेला तर तो कोणत्या यादीत? ही यादी कोणी केली, कोणाला मोजलं, कोणाला मोजलं नाही, हाच समाजशास्त्राचा धडा आहे.

अकोला जिल्ह्यातलं धाकली गाव. १९७४ साली पोरीवरच्या अन्यायाची दाद मागणाऱ्या गवई बंधूंचे डोळे काढले. पँथरनं ते प्रकरण वरपर्यंत नेलं, १९७५ साली इंदिरा गांधींच्या समोर त्या भावांना उभं केलं. आज अकोल्यात 'सामाजिक स्तरीकरण' शिकवणाऱ्या किती वर्गांत धाकलीचं नाव निघतं? अमरावतीत 'सामाजिक चळवळ' शिकवताना १९२७ चा अंबादेवी मंदिरप्रवेशाचा लढा निघतो काय? देऊळ तिथंच आहे, वर्गापासून चालत जाण्याइतकं जवळ.

आता मानसशास्त्र. हा विषय जास्त घातकी, कारण तो गोड बोलतो. पोर वर्गात बोलत नाही, तर म्हणे न्यूनगंड. पोर चिडतं, तर म्हणे भावनिक समायोजन नाही. आत्मविश्वास वाढवा, सकारात्मक विचार करा. म्हणजे रोग पोराच्या डोक्यात, समाज ठणठणीत!

खरं मानसशास्त्र असं नाही. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या काळ्या नवरा-बायकोनं काळ्या लेकरांपुढं काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवल्या. पुष्कळ लेकरांनी गोरी बाहुली चांगली म्हटली, काळी वाईट. वेगळ्या शाळा लेकराच्या मनात काय पेरतात हे त्यातून दिसलं, आणि १९५४ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या तेव्हा त्या कामाचा आधार घेतला. आपल्याकडं कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावर चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात पुकारली नाही तेव्हा दलित पोरं आणि सवर्ण पोरं सारखीच. सगळ्यांसमोर नाव, बापाचं नाव, जात वाचून दाखवली, आणि दलित पोरं मागं पडली. तीच पोरं, तेच डोकं. मधे फक्त एक हाक आली.

आता आठवा. भर वर्गात शिपाई येतो, आणि मास्तर ओरडतो, "एस.सी.वाल्यांनी उभं राहा, स्कॉलरशिपचे फॉर्म आलेत!" साऱ्या वर्गाच्या माना वळतात. तिकडं संशोधकांनी जो प्रयोग केला तो इकडं शाळा-कॉलेजात फुकटात चालू आहे, आणि निकाल लागला की म्हणतात, यांची बुद्धीच तेवढी. स्कॉलरशिप आपला हक्क आहे, फॉर्म ऑफिसात देता येतो. बारावीच्या पुस्तकात बुद्धिमत्तेचा धडा शिकवताना हा प्रयोग शिकवला तर पोराला कळेल की आपण मठ्ठ नाही. त्या एका कळण्यावर पोरगं जगतं किंवा मरतं.

चळवळीतले काही दोस्त म्हणतात, आपल्या पोरांना डॉक्टर-इंजिनिअर होऊ द्या, हे समाजशास्त्राचं लचांड कशाला? व्हा ना डॉक्टर. डॉ. पायल तडवी डॉक्टरच होती. मुंबईत मे २०१९ मध्ये ती गेली आणि जातीवरून छळल्याचा खटला उभा राहिला. डिग्रीनं जात सुटत नाही. सायन्सवाल्या पोरालाही आपल्याला काय होतंय आणि काहून होतंय हे सांगणारी भाषा पाहिजे. ती भाषा नसली की तो दोष स्वतःच्या अंगावर घेतो.

मास्तरांनाही नुसत्या शिव्या देऊन भागणार नाही. त्यातले पुष्कळ आपलेच, नेट-सेट पास होऊन तासिकेवर राबणारे. पुढच्या साली तास मिळेल की नाही ठाऊक नाही. संस्थाचालकाच्या जातीवर प्रश्न विचारला तर सुट्टी. म्हणून मास्तरच्या नोकरीची लढाई आणि पुस्तकाची लढाई एकच आहे. कायम मास्तर नाही तर निर्भय तास नाही.

आणि आरसा आपल्याकडंही वळवा. अंतर्विवाहाचा धडा शिकवताना पेपरातल्या लग्नाच्या जाहिराती कापून आणा. मग आपल्या वधू-वर मेळाव्याचे फॉर्मही आणा. लाडवन, बावणे, सोमवंशी असं तिथं अजून हळूच विचारतात की नाही? १९१६ साली बाबासाहेबांनी ज्या गाठीवर बोट ठेवलं ती आपणच आपल्या हातानं घट्ट करतोय. पोरांनी हे तोंडावर विचारलं तर रागावू नका. तेच खरं शिक्षण.

तेव्हा दोस्तहो, अभ्यासक्रम बदला म्हणून मोर्चा काढू, निवेदन देऊ. पण पुस्तक बदलायची वाट पाहत बसायचं कारण नाही. अमरावती-अकोल्याच्या वस्त्यावस्त्यांत विहार आहेत. रविवारी दोन तास. बी.ए., एम.ए. झालेल्या पोरापोरींनी अकरावी-बारावीवाल्यांना घेऊन बसायचं. पुस्तकातला एक शब्द घ्यायचा आणि आपल्या वस्तीत तो तपासायचा. पाणी कुठून येतं, स्मशान कोणाचं वेगळं, शाळा कोणी सोडली, पोरीनं आधी की पोरानं, आणि काहून. वहीत नाव न लिहिता लिहायचं, आकडे मोजायचे, आकड्यांवर भांडायचं. परीक्षेत गाइडातलं उत्तर लिहा, मार्क घ्या, ते सोडू नका. पण वही जपून ठेवा. उद्याचं समाजशास्त्र त्या वहीतून लिहायचं आहे, आणि ते लिहिणारे तुम्ही आहात.