पीयूसी सेंटर टाकताय? मग बजेटमध्ये गॅसची टाकी लिहा

पीयूसी सेंटरचं बजेट घेऊन ट्रेनिंगला येणाऱ्यांच्या कागदावर सगळं असतं. मशीन, कॉम्प्युटर, कॅमेरा, फ्लेक्स, अगदी उद्घाटनाचे पेढेसुद्धा. कॅलिब्रेशन गॅस मात्र बहुतेक वेळा नसतो. विचारलं की उत्तर ठरलेलं: "सर, ते एएमसीवाला बघेल."

एएमसी हवीच. अधिकृत कॅलिब्रेशन आणि सर्टिफिकेट त्याच्याकडूनच. पण तो येऊन गेल्यापासून परत येईपर्यंत मशीन खरं बोलतंय की नाही, हे कोण बघणार? किराणा दुकानदार काट्यावर शिक्का मारून घेतो, तरी एक किलोचं वजन हाताशी ठेवतोच ना? गॅसची छोटी टाकी म्हणजे तुमचं ते एक किलोचं वजन. माझ्या मते फ्लेक्स छोटा करा, पण टाकी घ्या.

कारण गॅस ॲनालायझर चुकला म्हणून बंद पडत नाही. तो निवांत आकडे छापत राहतो. समजा, प्रोबच्या पाईपला बारीक चीर गेली आणि चौथा हिस्सा बाहेरची हवा आत शिरली. गाडीचा सीओ खरा ४ टक्के, मशीन दाखवणार ३. बऱ्याच जुन्या फोर-स्ट्रोक दुचाकींना मर्यादा ३.५ टक्के आहे. म्हणजे नापास गाडी तुमच्या सहीने पास! उलटंही होतं. मशीन जास्त दाखवतं, चांगली गाडी नापास होते, आणि गिऱ्हाईक बिचारं गॅरेजमध्ये पैसे घालून येतं. ते परत तुमच्याकडे येईल का?

आता खरेदीचं बोलू. टाकीत सीओ, कार्बन डायऑक्साईड आणि प्रोपेन असतं, बाकी नायट्रोजन. कोणतं मिश्रण घ्यायचं ते मशीनच्या मॅन्युअलमध्ये बघा, दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. टाकीसोबत सर्टिफिकेट घ्या आणि त्यावरची एक्स्पायरी वाचा. रेग्युलेटर त्याच आट्यांचा हवा, नाहीतर टाकी शोभेला.

एक गोष्ट नवीन माणसाला हमखास गोंधळात टाकते. टाकीवर एचसी प्रोपेनमध्ये लिहिलेला असतो, मशीन तो हेक्झेनमध्ये दाखवतं. त्यासाठी पीईएफ नावाचा आकडा असतो, साधारण ०.५, आणि तो प्रत्येक मशीनचा थोडा वेगळा. टाकीवर २००० पीपीएम आणि स्क्रीनवर १००० च्या आसपास दिसलं, तर मशीन बिघडलेलं नाही. घाबरून सर्व्हिसवाल्याला फोन लावू नका, आधी गुणाकार करा.

गॅस कॅलिब्रेशनच्या पोर्टमधूनच द्या, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या कमी प्रेशरवर. टाकीचं पूर्ण प्रेशर थेट सोडलंत तर आतला सेन्सर गेलाच म्हणून समजा. आणि सीओ विषारी आहे, त्याला वासही नसतो. टाकी उभी, साखळीने बांधून, हवेशीर जागी ठेवा. बंद केबिनमध्ये नको म्हणजे नकोच.

रोजची तपासणी तर फुकट आहे. सकाळी पहिली गाडी यायच्या आधी लिकेज टेस्ट करा, मग मशीनला मोकळ्या हवेत झिरो घेऊ द्या. शेजारी रिक्षा धूर सोडत उभी असेल तर आधी तिला पुढे घ्यायला सांगा. ऑक्सिजन २०.९ च्या आसपास दिसायला हवा. झिरो घेऊनही तो तिथे टिकत नसेल, तर ऑक्सिजनचा सेन्सर म्हातारा झालाय. तो झिजणारच, त्यामुळे बदलायचा खर्चही बजेटमध्ये धरा. डिझेलच्या स्मोक मीटरला ही टाकी लागत नाही, तो फिल्टरची काच लावून तपासतात.

टाकीवरचा आकडा, मशीनवरचा आकडा आणि तारीख एका वहीत लिहीत जा. फरक वाढताना दिसला तर स्वतः सेटिंगला हात लावू नका. टेस्टिंग थांबवा, एएमसीवाल्याला बोलवा आणि ती वही त्याच्यासमोर ठेवा.