इनाम द्यावे, सौदा करू नये

वार्षिक परीक्षा जवळ आली की दासगाव-महाडकडच्या आपल्या घरांत एकच बोली ऐकू येते. आखातातून अब्बांचा व्हिडिओ कॉल येतो, "नव्वद टक्के आण, मोबाईल देतो." अम्मी सायकल कबूल करते. मूल महिनाभर पुस्तक घेऊन बसते आणि आपल्याला वाटते, काम झाले.

इनामात ताकद आहे, हे आम्हा शिक्षकांनाही मान्य. ज्या वागण्यानंतर चांगले फळ मिळते ते वागणे पुन्हा घडते. स्किनरने याला प्रबलन म्हटले. आपल्या राज्यात १९९२ पासून पहिली ते चौथीच्या, ठरावीक मागास प्रवर्गांतील गरीब मुलींना हजेरीबद्दल रोज १ रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला, तो याच विचाराने. पण भत्ता मुलीला शाळेच्या दारापर्यंत आणतो. पुढे धड्याची गोडी लागते ती शिकवण्याने.

मुळात गोडी असेल तिथे इनामाची अट उलटतेसुद्धा. १९७३ मध्ये अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रांची आवड असलेली बालवाडीतली मुले निवडली. काहींना आधीच सांगितले, चित्र काढा, प्रशस्तिपत्र मिळेल. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत ही मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रे काढत होती. ज्यांना न सांगता प्रशस्तिपत्र मिळाले, त्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. पाढे, शुद्धलेखन अशा कंटाळवाण्या कामाला सुरुवातीला छोटे बक्षीस जरूर द्या. सवय लागली की हळूहळू कमी करा. मूल आपणहून गोष्टी वाचत असेल, तर त्यावर किंमत लावू नका. शाबासकी मेहनतीला द्या. उर्दू शाळेतली मुलगी मराठीचा धडा प्रथमच न अडखळता वाचते, ते टक्क्यांत दिसत नाही. घरच्यांना दिसले पाहिजे.

सौद्याचे खरे नुकसान मोबाईलच्या किमतीचे नाही. गुण घसरले की मूल पेपर दप्तरात लपवते, आणि ज्याच्यापासून लपवले त्याच्याकडे मदत मागायला जात नाही. पुढच्या कॉलवर अब्बांनी "किती पडले?" याआधी "आज काय अडले?" एवढे विचारावे. या प्रश्नाला पैसा लागत नाही.