भाडं म्हणजे पगार नव्हे!

‘घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून’ असं आपल्याकडे म्हणतात. हल्ली पिंपरी-चिंचवड, चाकणला नोकरी करणाऱ्या कितीतरी मुली या म्हणीतला क्रम अगदी तस्साच पाळायला निघाल्या आहेत. आधी घर, मग लग्न! लातूर, बीड, साताऱ्याहून आलेली मुलगी चार-पाच वर्षं नोकरी करते, थोडी शिल्लक साठवते. स्वतः मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायचं आणि मोशी, चिखली किंवा चाकणला वन बीएचके घेऊन तो भाड्यानं द्यायचा, असं तिच्या मनात येतं. बिल्डरच्या ऑफिसातला माणूस सांगतो, ‘‘मॅडम, हप्ता तर भाड्यातूनच निघेल!’’ गावाकडून आई म्हणते, ‘‘अगं, आधी लग्नाचं बघू. घर काय, नवरा घेईलच की!’’

मैत्रिणींनो, मला ही दोन्ही वाक्यं पटत नाहीत.

आधी आईचं घेऊ. भाड्याच्या खोल्या या भागाला काही नव्या नाहीत. 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज असे मोठे कारखाने आले. शेतजमिनी संपादनात गेल्या. उरलेल्या तुकड्यावर भोसरी, आकुर्डीच्या गावकऱ्यांनी खोल्या बांधून कामगारांना भाड्यानं दिल्या. पुढे चाकणजवळ महाळुंगे, नाणेकरवाडी, कुरुळीतही तेच झालं. महिन्याच्या महिन्याला भाडं गोळा करायचं, पाण्यावरून होणारी भांडणं सोडवायची, ही कामं बहुतेक घरी बाईच करत आली. सगळे तिला ‘मालकीणबाई’ म्हणायचे, पण सातबारावर तिचं नाव क्वचितच असायचं! म्हणून एखादी मुलगी स्वतःच्या कमाईतून स्वतःच्या नावावर घर घेते म्हटलं की मला आनंदच होतो. नवऱ्याची वाट कशाला बघायची?

सरकारनंही 2021 पासून बाईच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली आहे. असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही, अशी तेव्हा अट होती. ती 2023 मध्ये काढून टाकली. 35 लाखांच्या फ्लॅटवर यात 35 हजार वाचतात. मात्र सवलतीपुरतं नाव मुलीचं आणि भाडं भावाच्या खात्यात, असं होऊ देऊ नका!

आता बिल्डरच्या माणसाचं वाक्य. वही-पेन घेऊन बसा. समजा, फ्लॅट 35 लाखांचा आहे. बँकेकडून 80 टक्के कर्ज घेतलं असं धरू, म्हणजे 28 लाख. सात लाख आपले. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे दोन-अडीच लाख, तेही आपलेच. साडेआठ टक्के व्याजानं वीस वर्षांचं कर्ज घेतलं तर हप्ता येतो साधारण 24,300 रुपये. भाडं 12 हजार धरू. वर्षातला एक महिना तरी घर रिकामं राहतंच. म्हणजे वर्षाचे 1 लाख 32 हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, मिळकतकर, नळ-रंगाचा किरकोळ खर्च असे 30 हजार वजा केले तर महिन्याला हातात पडतात साडेआठ हजार. राहिलेले पंधरा-सोळा हजार कुठून आणायचे? पगारातूनच ना? मग ‘हप्ता भाड्यातून निघेल’ हे कुठल्या हिशेबानं?

आणि याहून मोठी गोष्ट कुणीच सांगत नाही. आपला भाडेकरू कोण असतो? कंपनीतलाच मुलगा. आणि आपण? आपणही बहुतेक कंपनीतच, नाहीतर कंपनीच्या जिवावर चालणाऱ्या धंद्यात. म्हणजे मालकीण आणि भाडेकरू दोघांची चूल एकाच सरपणावर! 2019 मध्ये वाहनउद्योगात मंदी आली, कंपन्यांनी ‘ब्लॉक क्लोजर’ घेतले, कंत्राटी मुलांना घरी बसवलं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये कामगार गावी गेले आणि चाकण-भोसरीतल्या खोल्या रिकाम्या पडल्या. तळेगावचंच बघा ना. जनरल मोटर्सचा कारखाना तिथे 2008 मध्ये सुरू झाला आणि 2020 च्या डिसेंबरात त्याचं उत्पादन थांबलं. तो ह्युंदाईनं घेण्याचा करार व्हायला 2023 उजाडलं. कारखाना चालला बारा वर्षं, आपलं कर्ज मात्र वीस वर्षांचं! अशा वेळी भाडं आणि पगार दोन्ही एकदमच थांबू शकतात. बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

मग घर घेऊच नये का? घ्यावं, जरूर घ्यावं. पण भाडं हा पगार नव्हे, ती वरकड आहे, हे मनात पक्कं ठेवून. नोकरी कायम झालेली नसेल, ट्रेनी किंवा कंत्राटी असाल, तर थोडं थांबा. निदान सहा हप्त्यांची रक्कम वेगळी ठेवल्याशिवाय सही करू नका. एकाच कंपनीच्या गेटसमोरचं घर घेण्यापेक्षा जिथे कॉलेज, दवाखाना, बाजार असेल आणि तऱ्हेतऱ्हेचे भाडेकरू मिळतील, तिथे बघा. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो, शिवाय ताबा मिळेपर्यंत एक पैसाही भाडं येत नाही. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला जीएसटी नाही आणि भाडेकरूही लगेच ठेवता येतो. नवी स्कीम असेल तर महारेराचा नंबर तपासून घ्या.

‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. ती जबाबदारी मालकाची, म्हणजे आपली! भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायलाही विसरू नका.

लग्न ठरत असेल तर चालू हप्त्याची गोष्ट मुलाकडच्यांना आधीच मोकळेपणानं सांगा. ‘लग्नानंतरही हा हप्ता माझ्या पगारातून जाणार’ हे ज्याला खुपतं, तो माणूस कसा आहे ते वेळेवर कळलं तर बरंच की!

आणि आयांनो, मुलगी ‘घर घेते’ म्हणाली की लग्नाचा विषय काढू नका. तिच्याजवळ बसा, वही उघडा आणि भाड्याच्या रकान्यात सहा महिने शून्य लिहायला सांगा. तरीही हप्ता निघत असेल, तर तिला खुशाल आशीर्वाद द्या!