'आळशी' म्हणण्यापूर्वी

ऐकलेली गोष्ट रंगवून सांगणारे, दुकानातला हिशेब तोंडी करणारे मूल दुसरी-तिसरीत पुस्तक उघडले की गप्प होते. हिंगोलीच्या खेड्यांत अशा मुलाला 'आळशी' किंवा 'मंद' ठरवायला वेळ लागत नाही. त्याला डिस्लेक्सिया असू शकतो, ही शंका मात्र फारच कमी जणांना येते. 'तारे जमीन पर' २००७ मध्ये आला. तेव्हापासून हा शब्द घरोघरी पोचला खरा, पण तो शहरातल्या इंग्रजी शाळांचा आजार आहे, असाच समज राहिला.

मुळात हा आजार नाही आणि बुद्धीची कमतरताही नाही. बोललेल्या शब्दातले ध्वनी सुटे करून अक्षरांशी जोडणे या मुलांना जड जाते. पुष्कळदा हे घराण्यात चालत आलेले असते. मराठीत त्याच्या खुणा इंग्रजीपेक्षा वेगळ्या दिसतात. 'मिळाला' लिहिताना वेलांटी सुटून 'मळाला' होते, 'पुस्तक'चे 'पुतक' होते, भ-म आणि घ-ध यांत गोंधळ होतो. पहिले अक्षर पाहून मूल पुढचा शब्द अंदाजाने ठोकून देते. पहिलीत अशा चुका सगळ्यांच्याच होतात; सराव होऊनही तिसरीत त्या तशाच राहिल्या, तर लक्ष द्यायला हवे.

इथे घाईही नको. आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेले मूल शाळेला कित्येक महिने मुकते. तांड्यावरच्या मुलाची घरची बोली गोरमाटी असते. त्यांचे वाचन मागे पडण्याची कारणे निराळी आहेत. नजर आणि कान तपासणे तर पहिले काम.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलतीही मिळतात. परंतु प्रमाणपत्र साधारण आठ वर्षांनंतरच मिळते, म्हणून तोवर शिकवणेही थांबवायचे, हे चूक आहे. ध्वनी सुटे करण्याचे खेळ, रोज थोडे मोठ्याने वाचन, तोंडी उत्तराला मान्यता, यासाठी कोणताच कागद लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा शिक्षकांनी 'अभ्यासात कच्चा' एवढेच न सांगता मुलाची वहीच डॉक्टरांपुढे ठेवावी. पालकांनीही ती जपून ठेवावी, लाल शेऱ्यांसकट.