चर्चच्या तीन घंटा परत मिळवायला फिलिपिन्सच्या एका गावाला ११७ वर्षं का लागली?

१५ डिसेंबर २०१८. फिलिपिन्समधल्या सामार बेटावरच्या बालांगिगा गावात अख्खं गाव रस्त्यावर उतरलं होतं. राष्ट्राध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्तेही हजर होते. निमित्त होतं चर्चच्या तीन जुन्या घंटांचं. १९०१ मध्ये अमेरिकी सैन्याने उचलून नेलेल्या या घंटा तब्बल ११७ वर्षांनी घरी आल्या होत्या.

हे गाव नेमकं आहे कुठे?

बालांगिगा सामारच्या दक्षिण किनाऱ्यावर, एका नदीच्या मुखाशी वसलं आहे. लोकसंख्या साधारण चौदा हजार. मासेमारी आणि नारळ यांवर पोट भरणारं हे गाव. समोर लेतेचं आखात. १५२१ मध्ये मॅगेलन याच आखाताच्या तोंडाशी असलेल्या बेटावर उतरला. १९४४ मध्ये जनरल मॅकआर्थरची फौज इथूनच फिलिपिन्समध्ये परतली. २०१३ च्या हैयान वादळानेही याच किनाऱ्याला झोडपलं.

थोडक्यात, गाव लहान, पण जागा मोक्याची. हीच जागा गावाला महागात पडली.

१९०१ मध्ये काय घडलं?

१८९८ मध्ये स्पेनने दोन कोटी डॉलर्स घेऊन फिलिपिन्स अमेरिकेच्या हवाली केलं. स्वातंत्र्याची आस लावून बसलेल्या फिलिपिनो लोकांनी अमेरिकेविरुद्ध शस्त्र उचललं. सामारमध्ये जनरल व्हिसेंते लुकबान गनिमी काव्याने लढत होते. त्यांची समुद्रमार्गे होणारी रसद तोडण्यासाठी ऑगस्ट १९०१ मध्ये अमेरिकेची एक तुकडी बालांगिगात येऊन बसली.

सुरुवातीला सारं ठीक होतं. पुढे साफसफाईच्या नावाखाली पुरुषांना पकडून वेठीला धरलं गेलं, तंबूंमध्ये कोंडलं गेलं. लोकांचं धान्यही जप्त झालं.

२८ सप्टेंबरच्या सकाळी सैनिक न्याहारी करत असताना गावाचे पोलीसप्रमुख वलेरियानो अबानादोर यांनी पहारेकऱ्याची बंदूक हिसकावली. चर्चची घंटा घणाणली आणि कोयते घेऊन गावकरी तुटून पडले. ७४ अमेरिकी सैनिकांपैकी ४८ जणांचा जीव गेला. २८ गावकरीही मारले गेले.

यानंतर जनरल जेकब स्मिथ यांनी सामार उजाड करण्याचा हुकूम सोडला. शस्त्र उचलू शकेल अशा प्रत्येकाला मारा, असं त्यांनी सांगितलं. वयाची मर्यादा विचारली गेली, तेव्हा उत्तर आलं, दहा वर्षं! गावं जाळली गेली. किती माणसं मेली यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. काही अंदाज दोन-अडीच हजारांचे आहेत, तर काही त्याच्या कितीतरी पट. १९०२ मध्ये स्मिथ लष्करी न्यायालयात दोषी ठरले. शिक्षा काय? समज आणि सक्तीची निवृत्ती.

घंटांचा वाद एवढा का पेटला?

जाळलेल्या गावातून सैनिकांनी तीन घंटा नेल्या. दोन अमेरिकेतल्या वायोमिंगच्या लष्करी तळावर पोहोचल्या, तर तिसरी त्याच रेजिमेंटबरोबर फिरत शेवटी दक्षिण कोरियात गेली.

अमेरिकी सैनिकांसाठी या घंटा म्हणजे बेसावध असताना मारल्या गेलेल्या सोबत्यांचं स्मारक. त्यांच्या लेखी 'बालांगिगा हत्याकांड' म्हणजे ते ४८ मृत्यू. फिलिपिनो लोकांच्या लेखी सकाळची ती घटना म्हणजे लढाई आणि हत्याकांड त्यानंतरचं. शिवाय स्पेनच्या काळापासून किनाऱ्यावरच्या गावांत घंटा नुसती प्रार्थनेसाठी नव्हती. वेळ कळायची ती तिच्यामुळे. समुद्रावरून धाड आली की इशाराही तीच द्यायची.

मग त्या परत कशा मिळाल्या?

१९९० च्या दशकात राष्ट्राध्यक्ष फिडेल रामोस यांनी मागणी लावून धरली. पण वायोमिंगमधल्या माजी सैनिकांचा विरोध होता. त्यात अमेरिकी कायद्याने सैनिकांची स्मारकं परदेशाला द्यायला आडकाठी घातली. जुलै २०१७ मध्ये दुतेर्ते यांनी संसदेतल्या भाषणात घंटा परत मागितल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेने कायद्यात वाट काढली. घंटा देणं राष्ट्रीय सुरक्षेच्या हिताचं आहे, असं संरक्षणमंत्र्यांनी लिहून दिलं तर त्या देता येणार होत्या. संरक्षणमंत्री जिम मॅटिस यांनी ते केलं.

खरी मेख इथेच आहे. कागदोपत्री कारण 'राष्ट्रीय सुरक्षा' होतं. दक्षिण चीन समुद्रात चीन हातपाय पसरत होता, दुतेर्ते बीजिंगकडे झुकत होते आणि अमेरिकेला मनीला हातची घालवायची नव्हती. १९०१ साठी औपचारिक माफी मात्र मागितली गेली नाही.

एवढं करूनही दोस्ती पक्की झाली का? नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये दुतेर्ते यांनी अमेरिकी सैन्याच्या वावराचा करार मोडण्याची नोटीस दिली आणि २०२१ मध्ये ती मागे घेतली. २०२३ मध्ये तर, त्यांच्यानंतर आलेल्या सरकारच्या काळात, अमेरिकी सैन्याला वापरता येणाऱ्या तळांची संख्या पाचवरून नऊ झाली.

म्हणजे मोठे देश लुटीचा माल परत करतात तो बहुतेकदा त्यांना गरज पडते तेव्हा. पण मागणारा वर्षानुवर्षं मागत राहिला नसता, तर द्यायला काय आहे हेही कुणाच्या लक्षात राहिलं नसतं.

घंटा परतल्या आणि दुसऱ्याच दिवशी नाताळाआधीच्या पहाटेच्या प्रार्थना सुरू झाल्या. गावाला हवा असलेला आवाज तोच होता.