‘चंचल’ मादी: प्रयोगशाळेतील एका सबबीचा इतिहास

१/ विसाव्या शतकातील औषधसंशोधनाने प्रयोगासाठी प्रामुख्याने नर उंदीर निवडला. कारण सांगितले गेले ते असे: मादीचे ऋतुचक्र दर चार-पाच दिवसांनी फिरते, त्यामुळे निष्कर्ष डळमळतात. हे कारण शास्त्रीय भासते. इतिहासाच्या कसोटीवर मात्र ती सबब ठरते.

२/ चक्राविषयीचे अज्ञान हे काही त्यामागचे कारण नव्हते. १९२२ मध्ये कॅलिफोर्नियातील लाँग आणि इव्हान्स यांनी रॅटच्या ऋतुचक्राचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. १९२३ मध्ये वँग यांनी दाखवले की फिरत्या चाकावरील मादीची धाव माजाच्या काळात शिगेला पोहोचते. म्हणजे बदल नियमित होता आणि मोजताही येत होता.

३/ आता दुसरा फरक पाहा, आनुवंशिकतेचा. १९५९ मध्ये मॅक्लर्न आणि रॉजर्स यांनी उंदरांच्या शुद्ध वाणांची मद्याची आवड तपासली. सी५७ वाण मद्य आवडीने पितो, डीबीए वाण ते टाळतो. या फरकाला कोणी अडथळा म्हटले नाही. उलट त्यावर संशोधनाची अख्खी शाखा उभी राहिली. वाणातला फरक ज्ञान ठरला आणि संप्रेरकांतला फरक कटकट. हा दुजाभाव नव्हे तर काय?

४/ १९८९ मध्ये रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी कोकेनसाठी कळ दाबणाऱ्या रॅटचा अभ्यास केला. प्रत्येक पुढील मात्रेसाठी आधीपेक्षा अधिक वेळा कळ दाबावी लागे. माद्या नरांहून अधिक काळ चिकाटी धरत आणि माजाच्या काळात सर्वांत जास्त. सी५७ वाणातही माद्या वजनाच्या प्रमाणात नरांपेक्षा अधिक मद्य पितात. तेथे मात्र चक्राच्या टप्प्यांचा ठसा फारसा दिसत नाही. तेव्हा चक्राचा परिणाम कोठे होतो आणि कोठे नाही, हे मादी तपासल्यावाचून कळणार कसे?

५/ तरीही २०११ मध्ये बेरी आणि झुकर यांना मेंदूविज्ञानात केवळ मादीवरील एका अभ्यासामागे केवळ नरांवरील साडेपाच अभ्यास आढळले. २०१४ मध्ये २९३ शोधनिबंध पडताळले गेले, तेव्हा एकंदरीत माद्या नरांपेक्षा अधिक अस्थिर नसल्याचे दिसले. काही गुणधर्मांत तर नरच अधिक अस्थिर होते.

६/ हीच दृष्टी माणसांच्या चाचण्यांतही दिसली. १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अपत्यक्षम स्त्रियांना प्रारंभिक चाचण्यांतून वगळण्याची सूचना केली. गर्भाचे रक्षण हा हेतू होता. ती सूचना १९९३ पर्यंत टिकली. झोल्पिडेम हे झोपेचे औषध १९९२ मध्ये मंजूर झाले. स्त्रियांच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडते, म्हणून त्यांची शिफारस केलेली मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली गेली ती २०१३ मध्ये. मधली सुमारे वीस वर्षे असंख्य स्त्रिया पुरुषांच्या मापाची गोळी घेत राहिल्या.

७/ २०१६ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्था प्राण्यांवरील संशोधनाला निधी देताना लिंगभेदाचा विचार अपेक्षित धरतात. हे योग्यच झाले. पण ‘पूर्वी माहीत नव्हते’ असे म्हणून जुना हिशेब मिटवता येणार नाही. चक्राची नोंद १९२२ पासून छापील स्वरूपात उपलब्ध होती. तिची दखल न घेणे हा निर्णय होता आणि इतिहासाने तो निर्णय म्हणूनच नोंदवला पाहिजे.