पावसाआधी वाट मोकळी करा

पश्चिम सुदानमधल्या दारफुरात पाऊस जूनमध्ये येतो आणि सप्टेंबरपर्यंत मुक्काम ठोकतो. एरवी कोरडे असणारे ओढे दुथडी भरतात, मातीच्या रस्त्यांचा चिखल होतो, धान्याचे ट्रक जागीच रुततात. ऑगस्ट 2024 मध्ये पश्चिम दारफुरातला मोर्नेचा पूल पुरात कोसळला आणि चाडकडून आत येणाऱ्या मदतीची एक मोठी वाट तुटली. म्हणून एकमेकांशी लढणाऱ्या सुदानच्या दोन्ही सेनापतींना ही निर्वाणीची समज: पावसाच्या आत विस्थापितांकडे जाणारे रस्ते उघडा. त्यानंतर दिलेला परवाना नुसता कागद असेल.

11 मे 2023 रोजी जेद्दामध्ये तुम्हा दोघांच्या प्रतिनिधींनी सह्या केल्या होत्या. नागरिकांना इजा करणार नाही, मदत अडवणार नाही. त्या सह्या आम्ही विसरलेलो नाही.

लष्करप्रमुख जनरल बुऱ्हान, चाडच्या सीमेवरची अद्रे चौकी फेब्रुवारी 2024 मध्ये तुमच्या राजवटीने बंद केली. शत्रूची शस्त्रे तिथून येतात, हे तुमचे कारण. ते खोटे नसेलही. पण त्या बंदीने बंदुका थांबल्या नाहीत, ज्वारी थांबली. 1 ऑगस्टला अल-फाशर शहराजवळच्या झमझम विस्थापित छावणीत दुष्काळ असल्याचे तज्ज्ञांनी जाहीर केले, तेव्हा कुठे तुम्ही चौकी तीन महिन्यांपुरती उघडलीत आणि पुढे मुदतवाढीवर मुदतवाढ देत राहिलात. लाखो लोकांचे जेवण असे तारखा मोजून चालत नाही. मुदतीची अट काढा. प्रवास परवान्यांसाठी ट्रक ताटकळत ठेवणे बंद करा.

निमलष्करी आरएसएफचे प्रमुख हमदान दगालो, तुमचा हिशेब याहून मोठा आहे. मे 2024 पासून तुमच्या फौजांनी अल-फाशरला वेढा घातला. 13 जूनला सुरक्षा परिषदेने ठराव 2736 करून तो उठवायला सांगितले. तुम्ही उलट शहराभोवती मातीचा बांध उभारलात. आत माणसे अंबाझ खाऊन दिवस काढत होती. अंबाझ म्हणजे शेंगदाण्याची पेंड. आपल्याकडे ती दावणीला जाते. पुढे तीही मिळेनाशी झाली. एप्रिल 2025 मध्ये तुमच्या फौजांनी झमझम छावणीच उद्ध्वस्त केली आणि 26 ऑक्टोबरला अल-फाशर घेतले. जे निसटले त्यातले अनेक चालत तविला गावाला पोहोचले. त्यांच्यापर्यंत धान्य आणि औषधे विनाशर्त जाऊ द्या. ज्यांना पकडून खंडणी मागता आहात त्यांना सोडा. गावोगावी लंगर चालवणाऱ्या तरुणांच्या अंगाला हात लावू नका. 2025 मध्ये अमेरिकेने मदत गोठवल्यावर त्यांच्या कितीतरी चुली आधीच विझल्या आहेत.

हे ऐकणार नसाल तर अली कुशायबचे काय झाले ते पाहा. जंजवीद टोळ्यांचा हा म्होरक्या दारफुरात 2003-04 मध्ये मोकाट होता. त्याच्यावर 2007 मध्ये वॉरंट निघाले. तेव्हा तुमच्यासारखेच त्यालाही हसू आले असेल. 2020 मध्ये तो शरण आला, 6 ऑक्टोबर 2025 रोजी द हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात 27 आरोपांवर दोषी ठरला आणि 20 वर्षांची शिक्षा घेऊन बसला. दारफुरवरचा त्या न्यायालयाचा अधिकार 2005 पासून अबाधित आहे. नाक्यावर ट्रक कोणी अडवला, कोणाच्या हुकमाने अडवला, याच्या नोंदी होत आहेत. हुकूम पाळणाऱ्या शिपायानेही हे लक्षात ठेवावे.

आता तुमच्या पाठीराख्यांकडे. आरएसएफला शस्त्रे पुरवल्याचा आरोप संयुक्त अरब अमिरातीचे सरकार नाकारते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी मात्र जानेवारी 2024 च्या अहवालात तो विश्वासार्ह ठरवला. सुदानचे बरेचसे सोने याच अमिरातीत जाते, आणि या युद्धाचा पैसा दोन्ही बाजूंना त्याच सोन्यातून मिळतो. दुबईच्या सोन्याचा मोठे गिऱ्हाईक भारत आहे. झवेरी बाजाराने आपल्या पुरवठादारांना लेखी विचारावे: हा माल कोणत्या खाणीचा? उत्तर येत नसेल तर माल परत पाठवावा.

आणि वाचकहो, अक्षय्य तृतीया पावसाच्या आधीच येते. त्या दिवशी सराफाच्या दुकानात पाऊल टाकाल तेव्हा हाच प्रश्न तुम्हीही विचारा. उत्तर मिळेपर्यंत पाकीट उघडू नका.